पाण्याच्या दिवशीची सभा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रिका हिला अक्कम्मा आज्जीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू शिक्षिका होऊन करमाळ्याला गेलीस नि घर गप झालं. फोनवर तू बोलतेस त्यातलं मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं तुझा बाप सोमेश आपल्या मनानं सांगतो. म्हणून पत्र. चौथीची शाळा हाय माझी, अक्षराला हसू नको.

बातमी लई मोठी हाय. आपल्या पेठेत मानव हक्क समिती निघालीय आणि त्यात मला घेतलंय! शिवप्पा मास्तर अध्यक्ष, वकिलीला शिकणारी सोनम चिटणीस. ज्येष्ठ महिला पाहिजे म्हणून मास्तर घरी आले. मी म्हटलं, ज्येष्ठ हायच, महिला पण हाय, घ्या की मग. पहिल्या मीटिंगला काठाची इरकल नेसून गेले. चहाबरोबर खारी होती. मला दात न्हाईत, म्हणून बुडवून खाल्ली. मग सोनमनं बुडवली, मग मास्तरांनी पण. तिथंच माझी भीड चेपली.

तर दहा डिसेंबरला साऱ्या जगाचा मानवी हक्क दिवस असतो म्हणं. रांगोळी, पोरांची चित्रं, आणि सकाळी दहाला मठाच्या मंडपात बायकांची सभा. विषय, पाणी हा आपला हक्क. पाच मिनिटं बोलणार कोण? तुझी आज्जी!

नाचत घरी आले, दिनदर्शिका बघितली नि मटकन बसले. पाणी पाचव्या दिवशी येतं, मी तारखेवर काजळाचा ठिपका देते, तुला ठाऊक हाय. दहा तारखेवर ठिपका! नळ साडेनऊला सुटतो, अकराला जातो. पाण्यावरची सभा नेमकी पाण्याच्या वेळेला. मंडपात चिटपाखरू येणार न्हाई. आणि मी तरी कशी जाऊ? तुझी आई शिवलीला नि बाप दोघं आठला कामावर जातात, भरणारी मी एकटी. सोनमच्या इमारतीला बोअर हाय. बाकी समिती पुरुषांची, त्यांना घागर नेहमी भरलेलीच दिसते, कधी भरते ते कसं कळावं?

पत्रिका तर छापून झाल्या. माझं नाव हाय त्यावर, ज्येष्ठ वक्त्या म्हणून. जन्मात पहिल्यांदा छापलेलं नाव, नि जायला मिळंना. काय करू कळव. शेंगाची चटणी वेगळी पाठवते, खोलीवाल्या मैत्रिणीला पण दे.

माया हाय तशी राहू दे.
तुझी आज्जी

करमाळा
२६ नोव्हेंबर २०२५

ती. आज्जीस चंद्रिकेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ज्येष्ठ वक्त्यांचं अभिनंदन! पत्र वाचून मी एवढी हसले की मैत्रीण विचारत आली. तिला ‘मंडपात चिटपाखरू’ वाचून दाखवलं. चटणीही तिनेच निम्मी संपवली.

आता खरं सांगू? हसता हसता मला सातवी आठवली. वक्तृत्वात पहिली आले होते. बक्षीस घेताना मी सगळा वेळ हॉलच्या दाराकडे बघत होते. आईबाबा कामावर, आणि तुझा पाण्याचा दिवस. दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आता राग नाही. चवीपुरता आहे.

म्हणून सांगते, गप्प बसू नकोस. पुढच्या मीटिंगमध्ये ठिपक्याची दिनदर्शिका घेऊन जा आणि मास्तरांपुढे ठेव. काय ते ठरवू दे समितीला. तुझं छापलेलं नाव वाया जाता कामा नये.

आईबाबांना नमस्कार. माझ्यावर अशीच रागवत-हसत राहा.
तुझी चंद्रिका

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर
२ डिसेंबर २०२५

चि. चंद्रिका हिला उदंड आशीर्वाद. वि. वि.

त्या सातवीच्या बक्षिसाचं तू लिहिलंस. आठवतं गं. ते राहू दे आत्ता, डोळे भरले की चष्म्याला धुकं येतं.

दिनदर्शिका पिशवीत घालून गेले, कस्तुराबाईला पण नेलं. आपल्या समोरची, मेंढरंवाल्यांची सून, सांगोल्याकडची. तिचा आवाज माळावरचा हाय, तो असला की मला धीर येतो. ठिपका दाखवला. सगळ्यांनी माना घालून दिनदर्शिका बघितली. मास्तर म्हणाले, दहा तारीख जगानं ठरवलीय, आपल्याला हलवता येत न्हाई. कुणी म्हणालं, दुपारी घ्या. पण दुपारी मंडपात लग्न हाय. सोनम बिचारी रडायला आली.

तेव्हा मी कशी बोलले देव जाणे. म्हटलं, तारीख हलंना, नळ हलंना, तर माणसं हलवा. त्या दिवशी बायका मंडपात बसतील, पाणी बाप्यांनी भरायचं. घरोघरी. मास्तरांनी सुद्धा. कस्तुराबाई म्हणाली, व्हय, आन् आमी बगाय येणार न्हाय, आदीच सांगून ठेवते.

एक जण म्हणाला त्याची पाठ दुखते. कस्तुराबाईनं विचारलं की बायकोची पाठ कुणाकडं गहाण ठेवलीय का. ठराव पास! तुझा बाप रजा काढून भरतो म्हणालाय, पण हंडा कुठला नि कळशी कुठली हे काल त्यानं विचारलं. आठ दिवसांत शिकवायचंय त्याला.

भाषण काय करू ते सुचंना. सोनमनं कागद लिहून दिलाय, त्यात ‘अविभाज्य’ असा शब्द हाय. जीभ अडकते.

जपून राहा, आज्जीला विसरू नको.
तुझी आज्जी

करमाळा
५ डिसेंबर २०२५

ती. आज्जीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाबा पाणी भरणार! फोटो काढून ठेवायला सांग कुणाला तरी. ‘अविभाज्य’ सोडून दे, तुझं तू बोल.

इकडे वीस तारखेला आमच्या शाळेचं संमेलन आहे. मुलांचं नाटक मी बसवलंय. लिहिलंही मीच. तुला बोलवावंसं फार वाटलं, पण पाच-पाच दिवस मोजत गेले तर वीसवर तुझा ठिपका येतो. म्हणून बोलवत नाही. आल्यावर सगळं करून दाखवीन.

सभेचं सविस्तर कळव. मायेची सावली अशीच असू दे.
तुझी चंद्रिका

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर
१२ डिसेंबर २०२५

चि. चंद्रिका हिला आज्जीचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

झाली गं सभा! साठ बायका मोजल्या सोनमनं, दहाच्या सभेला साडेनऊच्या आधीच येऊन बसलेल्या. मंडपाच्या मागच्या नळाला साडेनऊला गुर्र आवाज आला, तशा साठच्या साठ उभ्या राहिल्या. मी पण! पाय आपोआपच उठतात. कस्तुराबाईनं दारात आडवं उभं राहून सांगितलं, बसा गं समद्या, आज न्हाय. बसलो. पण सगळ्यांचे कान गल्लीत.

कागद चष्म्याच्या घरात राहिला. मग मी तुझंच सांगितलं. की माझ्या नातीनं सातवीत बक्षीस घेतलं नि मी तेव्हा नळावर होते. रांग सोडली असती तर पाच दिवस घर कोरडं. म्हटलं, पाणी भरलं, पण ते बक्षीस मला कधी दिसलं न्हाई. खाली बसले. टाळ्या पडल्या, मग एकेक बाई उठून सांगाय लागली. कुणाचं माहेरचं लग्न चुकलेलं, कुणाचा दवाखाना. मास्तरांच्या बायकोनं सुद्धा सांगितलं, मास्तरांच्या निवृत्तीच्या सत्काराला त्या का आल्या नव्हत्या ते.

मास्तर तिथं नव्हते. त्यांचा नि आपला नळ एकच, ते आपल्या दारात पाणी भरत होते! तुझ्या बापाची नि त्यांची जोडी. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं असतं, यांनी तेच देवाच्या तांब्यात भरलं. मी हुलगे भिजत घातले होते, ते भांडं रिकामं पाहिजे म्हणून गटारात ओतले. मी घरी आले तर मास्तर गुडघ्यापर्यंत ओले, कंबर धरून पायरीवर बसलेले. मला बघून म्हणाले, अक्कम्मा, हे तुम्ही दर पाचव्या दिवशी करता? मी म्हटलं, व्हय, आणि हुलगे न सांडता.

पण पिंप काठोकाठ भरलेलं होतं. झाकण सुद्धा लावलेलं.

काल समितीनं ठरवलं की पुढची बैठक ठिपके बघून घ्यायची. आणि आता मुख्य गोष्ट ऐक. वीस तारखेवर ठिपका हाय, बरोबर मोजलंस. तुझ्या बापाला पिंप, हंडा, कळशी सगळं पाठ झालंय. मी पहाटेच्या एस.टी.नं निघते. कस्तुराबाई पण येणार हाय.

भेटू तेव्हा चवीपुरता राग पण संपव.
तुझी आज्जी

ता. क. पुढच्या रांगेतली खुर्ची धर. लांबचं मला ऐकू येत न्हाई.