एका पत्त्यावर दोघं

३ जून १९९६, सोमवार
देवपूर सोडून काल जळगावला आलो आणि आज सकाळपर्यंत बायकोनं, पुष्पानं, खोली अशी लावली, की घरमालकीण बघतच राहिली. ऑफिसही झकास. केळीच्या ट्रकांचे कागद इथं आता कॉम्प्युटरवर निघतात. ते बसवणाऱ्या भाईदास नानांनी मला नियम समजावला. चालू होताना सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता देतो, मग त्याचं काम त्याच पत्त्यावर येतं. पहिला पत्ता ज्याला, त्याचे कागद आधी छापले जातात. म्हणून लाइट आली की आधी लीलाधरनं चालू करायचा, मग दोघांना एकच पत्ता पडू नये म्हणून शंभर आकडे मोजून मी. लीलाधर माझ्या शेजारी बसतो. शेठच्या गळ्यातला ताईत दिसतो.

७ जून
लीलाधर, लीलाधर! शेठना दुसरं नाव सुचत नाही. आज पुष्पा डबा द्यायला आली, तर तिलाही त्याच्या बोलण्याचं हसू आलं. संध्याकाळी पोळ्या लाटतानाही मनातल्या मनात हसत होती. माझा जळफळाट झाला, कशाला लपवू?

११ जून
दुपारी गेलेली लाइट आली, तेव्हा मी मोजलंच नाही. त्याच्या बोटाबरोबर माझंही बोट बटणावर. दोन्ही पडद्यांवर एकच पत्ता, पहिला! त्याचे कागद माझ्याकडे यायला लागले. त्याच्या कामाची शाबासकी शेठनं मला दिली. जिरली त्याची.

१३ जून
आता माझं त्याच्याकडे जातंय. चहा त्याच्या टेबलावर. माझ्या आईचं पत्रही पोस्टमननं त्याच्याच हातात दिलं. त्यानं ते वाचून डोळे पुसले. जाब विचारला तर म्हणाला, आईची तब्येत बरी नाही. चेष्टा करत नव्हता.

१५ जून
नाना आले. पडदे पाहून म्हणाले, "दोन्हीस्ना एकच पत्ता शे. एक बंद करनं पडी." शेठनं सांगून ठेवलं होतं, गिरधरचा चालू ठेवा. मला ओळखणाऱ्या नानांनीही आम्हा दोघांना विचारलं, गिरधर कोण?
गिरधर मी! पण 'मी' तो आधी म्हणाला.
नानांनी माझा बंद केला.

१७ जून
हजेरीपटावर माझी सही आधीच झालेली. अक्षर माझंच. शिपाई म्हणतो, ऑफिसात गिरधर एकच, तो आताच घरी गेला— घरी म्हणजे—

१७ जून, संध्याकाळ
वही बगलेत धरून पळत आलो. दार पुष्पानंच उघडलं. विचारलं, भाऊ, कोण पाहिजे? मी माझं नाव सांगितलं. म्हणाली, ते जेवताहेत, पायरीवर बसा.
आत हसताहेत दोघं. माझ्याबरोबर ती कधी इतकी—
तो बाहेर आलाय. आजची नोंद राहिली म्हणतो. वही मागतोय. पुष्पा म्हणतेय, भाऊ, त्यांची वही आहे, देऊन टाका—
नाही. एवढी एकच जागा, जिथं अजून मी—
ओढतोय. मी नाही दे