नायगावच्या मातीला विचारलेले प्रश्न

आगाशी,
४ मे १९८८

प्रिय नमू,

तुझी फ्लॉपी सुखरूप पोचली. ऑफिसातल्या ॲन्सेल्मने ती कॉम्प्युटरला लावली, तेव्हा मी त्याच्या मागे खुर्ची ओढून बसलो होतो. तिकडे रुडकीला बसून तू आपल्या खाडीकाठच्या मातीवर प्रोग्राम लिहितेस, याचं मला अजून नवल वाटतं.

नायगावला खाडीजवळ शाळेची दुमजली इमारत व्हायची आहे. उन्हाने जमीन वरून इतकी टणक झालीय की मारलेली पहार उसळते. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, असल्या जमिनीला पाइलचे खोल खांब कशाला? उथळ पाया घालू, पावसाच्या आत जोतं वर येईल." वरवर खणून पाठवलेल्या मातीचे प्रयोगशाळेचे निकाल यायला अवकाश होता, म्हणून ॲन्सेल्मने तुझ्या प्रोग्रामला विचारलं, तर तोच आम्हाला उलट विचारायला लागला. भरतीचं पाणी किती जवळ येतं? वरचं कवच किती जाड? ओली माती मुठीत दाबली तर बोटांमधून बाहेर येते का? उत्तरं देता देता ॲन्सेल्मला हसू आवरेना. "सर, हे तर तुम्हीच बोलताय!" शेवटी पडद्यावर आलं, की खाली मऊ चिकणमाती असण्याचा संभव दाट, ताकद फार कमी, बोअर घेऊन खोलवरची माती पाहिल्याशिवाय पाया ठरवू नये. कंत्राटदार चिडला, पण आम्ही बोअर घेतलंच. कवचाखाली बोअरची नळी स्वतःच्या वजनानेच आत गेली गं! आता पाइल होणार. पोरं तिथे खुशाल धुडगूस घालतील, खाली काय आहे ते त्यांना कळायचंही नाही.

अभिमान वाटलाच, पण मनात येत राहिलं ते दुसरंच. दिवाळीत या प्रोग्रामसाठी तू रोज टेपरेकॉर्डर घेऊन केळीच्या वाडीत माझ्यामागे फिरायचीस. "आप्पा, खाली माती कशी असेल हे तुम्ही कशावरून ठरवता?" मी म्हणायचो, अनुभवावरून. की तू लगेच, "अनुभव म्हणजे काय, ते सांगा." मी वैतागायचो, आणि सांगत बसायचो. तुझी आई गेल्यापासून आपण दोघं इतकं कधी बोललोच नव्हतो. तू गेल्यावर यशोदाआत्या म्हणालीसुद्धा, "भालू, पोरीनं तुला बोलतं केलं बघ."

परवा ट्रंक कॉलवर माझा आवाज ऐकून तू सर्दी का म्हणून विचारलंस आणि मी हो म्हणालो. सर्दी नाही गं. घशात गाठ आहे. वेळेवर सापडली, जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागेल. महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. तू घाबरू नकोस, मी घाबरलो तेवढं पुरे. फक्त त्याआधी रजा काढून ये. तू टेप करून नेलंस त्यात माझा आवाज आहे खरा, पण बोलणं सगळं चिखलाचं आणि वाळूचं. तुझी आई मला पहिल्यांदा कुठे दिसली, तू जन्मलीस तेव्हा तुला हातात घेऊन ती काय म्हणाली, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मला आपणहून सांगता आलं नाही. या खेपेला विचार. मला ते तोंडानेच सांगायचंय.

तुझी वाट पाहणारे, तुझेच
आप्पा