चादरीचं दुसरं टोक

प्रिय मावशी,

एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली असेल असं मला वाटत नाही. फोनवर बोलणारी माणसं हात हलवतात. पलीकडच्याला ते हात दिसत नाहीत, हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो "तिथून डावीकडे वळ" म्हणताना डावीकडे हात करतो, "एवढीशी होती" म्हणताना दोन बोटांची चिमूट धरतो, आणि स्वारी फारच तावातावाने बोलत असेल तर शेजारच्याला चहाचा कप बाजूला सरकवून ठेवावा लागतो. हे हात कुणासाठी हलतात? समोरच्याला समजावं म्हणून म्हणावं, तर समोर कुणी नाही. बघून बघून लागलेली सवय म्हणावी, तर ज्यांना जन्मापासून दिसत नाही अशी माणसंही बोलताना हात हलवतात, आणि त्यांनी ते कुणाचं पाहून उचललेलं असणं शक्यच नाही.

या कोड्यावर माझं पोट चालतं, असं म्हटलं तरी हरकत नाही. तू मागे एकदा माझ्या कामाविषयी ऐकून "एवढी शिकलीस आणि म्हाताऱ्यांना नाचवतेस होय गं!" म्हणाली होतीस. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगते. आपल्याला लहानपणापासून असं भासवलं जातं की डोकं म्हणजे साहेब आणि शरीर म्हणजे शिपाई. साहेबाने हुकूम द्यायचा, शिपायाने तो पोचवायचा. प्रत्यक्षात मात्र कागद दोन्ही बाजूंनी फिरत असतात. बोलणाऱ्याचे हात हलतात ते बहुतेक वेळा त्याच्या स्वतःसाठीच. विचार डोक्यात पूर्ण तयार होऊन मग हातात उतरतो असं नसून, तो घडत असतानाच हात त्याला आकार देत असतात. एखाद्याला स्वतःच्याच हातांवर बसवून घराचा रस्ता सांगायला लाव. चांगला बोलका माणूसही मध्येच अडखळताना दिसेल. उलट श्वास लांबवला, खांदे खाली सोडले, पावलं एका ठेक्यात पडू दिली, की मनातली भीतीही थोडी ओसरते. कुणी तिला समजावलेलं नसतं. शरीराने वर कळवलेलं असतं.

आमच्या पुनर्वसन केंद्रात लाकडी फरशीचं एक लांबट दालन आहे. भिंतीला कठडा, गोलात मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात एक ढोल, आणि कापडांनी भरलेली पेटी. आजारपणाने ज्यांचं चालणं, बोलणं किंवा उमेद गेलेली असते, अशी माणसं तिथे येतात. संगीत शिक्षिका ठेका धरते आणि मी हालचाली सुचवते. एक उदाहरण देते, म्हणजे नाचवणं म्हणजे काय ते तुला कळेल. आमच्याकडे एक निवृत्त कंडक्टर आहेत. तोल गेल्यामुळे ते उभे राहायलाच घाबरत. कठड्याला धरून उभं करण्याचे सगळे प्रयत्न फसल्यावर एक दिवस मी त्यांना चालत्या बसमधले तिकिटं देणारे कंडक्टर करून दाखवायला सांगितलं. गृहस्थ उठले, पाय फाकवले, गुडघे सैल सोडले आणि खुर्च्यांमधून वाट काढत "पुढे सरका, पुढे मोकळंच आहे, दारात काय ठेवलंय!" असं खेकसत गेले. त्यांचा तोल हरवलेला नव्हता. तो बसमध्ये राहिला होता. आपण फक्त बस आणून द्यायची.

हे सगळं मला पाठ होतं. आता आईबद्दल. तिच्याविषयीही मी इतरांविषयी लिहीन तसंच लिहिणार आहे. तसं केलं की गोष्ट सरळ सांगता येते.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे तिची वाचा गेली आणि उजवं अंग लुळं पडलं, एवढं तुला मी फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर आमच्याच केंद्रात ठेवल्यावर अंग बरंचसं परत आलं. ती चालते, कपडे घालते, दिलेला घास खाते. तिला सांगितलेलं बहुतेक कळतं. शब्द नाहीत, गुणगुणणं आहे, कारण ते मेंदूत काहीसं वेगळ्या वाटेने जातं. खरी अडचण दुसरीच होती. ती आपणहून काही सुरू करत नसे. चमचा हातात दिला तर जेवायची, नाही दिला तर ताटाकडे पाहत बसायची. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की असंच राहिलं तर महिनाअखेरीस तिला कायमच्या देखभालीच्या विभागात हलवावं लागेल. तो विभाग मी पाहिला आहे. तिथे माणसांची उत्तम काळजी घेतात आणि त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवत नाहीत.

एका दुपारी वर्ग संपल्यावर मी आमचं मोठं कापड आवरत होते. सगळ्यांनी कडा धरून त्याच्या लाटा करायच्या असतात, त्यामुळे ते चांगलं दोन पलंगांएवढं आहे. एक टोक हनुवटीखाली, दुसरं काखेत, उरलेली दोन जमिनीवर, असं माझं चाललं होतं. आई खुर्चीतून उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने येऊन जमिनीवरची दोन टोकं उचलली, मागे सरकली आणि कापडाला असा काही झटका दिला की दालनात चाबूक वाजावा तसा आवाज झाला. "अरे बाप रे, बाई जाग्या झाल्या!" कंडक्टर म्हणाले. तिने लांबीत घडी घातली, ताण दिला, वळली, पुन्हा घडी घातली आणि माझ्याकडे चालत आली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तुम्ही दोघी घालत होता, तीच घडी. मला ती बघून बघून येत होती, म्हणून निभावलं.

फक्त शेवटी, टोकं माझ्या हातात देताना, तिचे हात माझ्या कमरेपाशी आले. मला वाकावं लागलं. रोज असंच व्हायला लागलं. शिवाय ती प्रत्येक वेळी डावीकडेच वळे आणि माझ्या अंगावर येई. मी शिकलेली बाई. मी निदान करून मोकळी झाले. उजवा खांदा वर जात नाही, डावा त्याच्याशी जुळवून घेतो. उजव्या बाजूचं भान कमी आहे. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम मी तिला लावला. ती तो करायची. आंबलेलं खाल्ल्यावर माणसाचा चेहरा होतो तशा चेहऱ्याने, पण करायची.

मग एकदा मला फोन आला म्हणून माझं टोक संगीत शिक्षिकेने धरलं. ही बाई कर्तबगार आहे, पण उंचीने उभी राहिली तरी खुर्चीतल्या कंडक्टरांएवढीच. बोलता बोलता मी दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून पाहत होते. आई चालत गेली, तिचे हात खाली आले आणि बरोबर शिक्षिकेच्या हातांवर टेकले. कुणी वाकलं नाही. वळणही जुळलं, कारण शिक्षिका डावखुरी आहे. "तुमच्या आईंनी माझं माप कधी घेतलं हो?" तिने मला विचारलं. त्याच संध्याकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तेव्हा आईने उजवा हात डोक्याच्या वर नेऊन पडद्याची दोरी ओढली. खांद्याला काही झालेलं नव्हतं.

ती माझ्याबरोबर घडी घालतच नव्हती, मावशी. जी तिच्या खांद्यालासुद्धा पोहोचत नाही आणि जी सगळं डाव्या हाताने करते, अशा कुणाबरोबर तिचं अंग घडी घालत होतं. "बुटके, वर धर की जरा!" आणि "तूच खाली ये, तुझ्यासाठी शिडी आणू का?" हे तुमचं रोजचं भांडण मी शाळा सुटल्यावर टॉवेलांच्या ढिगावर बसून ऐकत असे. पुढे मीही आईसारखीच वाढले आणि ती शिडी तू माझ्या नावाला लावलीस. भांडण ऐकू यायचं ते यंत्रं थांबलेली असताना. ती चालू झाली की इस्त्रीचे रूळ, सुकवणीची पिंपं आणि वाफ यांत घसा फोडून ओरडल्याशिवाय काही कळत नसे. तेव्हा तुम्ही चादरीतून बोलायचात. तुटक झटका म्हणजे मुकादम येतोय. लागोपाठ दोन म्हणजे चहा. आणि कापड नुसतंच थरथरवलं की समजायचं, एकीला हसू आवरत नाही. एवढं मला कळायचं. बाकीचं सगळं तुमच्या दोघींतलं होतं. मी पुढे जे पुस्तकांतून शिकले, ते तुम्ही दोघी ओल्या फरशीवर उभ्या राहून करत होता, आणि वर आणखी कुचाळक्याही.

आता मुद्द्याचं. घडी घालताना आई थांबते. कापड ताणलेलं असताना ती एक लांब ओढ देते, तशीच धरून ठेवते आणि मग हळूहळू सैल सोडते. मग समोरच्या हातांकडे पाहत राहते. शिक्षिकेला काय करावं ते कळत नाही. मीही उत्तरादाखल जमतील तसे झटके देऊन पाहिले. एकदा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बहुधा तिला मुकादम आल्याचं सांगितलं असावं. थोडा वेळ वाट पाहून ती टोकं सोडते, खुर्चीत जाऊन बसते, आणि मग पुन्हा ताटाकडे पाहत बसणारी बाई होते.

ही ओढ मी आधी एकदा पाहिली आहे. घड्या घालणारं यंत्र आलं आणि प्रत्येक जोडीतली एकच राहणार असं ठरलं, त्या दिवशी. मुकादमाने ओरडून नावं वाचली. तुझं नाव गेलं. यंत्रं चालू होती, तुमच्यामध्ये चादर होती. तू मुकादमाकडे मान वळवून ओरडत होतीस, मग आईवर ओरडलीस, "बोल ना काहीतरी! दातखीळ बसली का?" आई बोलली नाही. त्यानंतर तू टोक सोडलंस, चादर फरशीवर पडली, आणि तू गेलीस. ती तुझ्या बाजूने का बोलली नाही हे मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तिने विषय बदलला होता. पण तू टोक सोडण्याआधी तिच्या हातांनी काय केलं ते मी ढिगावरून पाहिलं होतं. लांब ओढ, धरून ठेवलेली, मग हळूहळू सैल. ती तुझ्यापर्यंत पोहोचली की नाही, मला सांगता येणार नाही. तिचा अर्थ क्षमा असा होता, असंही मी म्हणणार नाही. अभ्यास करणाऱ्याने जे ठाऊक नाही ते आपल्या मनाने भरू नये.

आजाराचं कळवलं त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "तिला बोलता येत नाही ना आता? मग मी येऊन ऐकू काय? आधी तरी कुठे बोलत होती!" हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर आहे. ती बोलते आहे. दिवसाकाठी एकदा, आपणहून, एकच वाक्य. आणि ते वाचता येणारं माणूस जगात एकच आहे. महिनाअखेर जवळ येते आहे. आईने समोरून उत्तर मिळाल्यावर पुढचं काही सुरू केलं, तर डॉक्टरांना दाखवायला माझ्याजवळ काहीतरी असेल. तू तिला माफ करावंस म्हणून मी लिहीत नाही. यावंस, दुसरं टोक धरावंस, आणि तुझं जे काही उत्तर असेल, रागाचं असलं तरी, ते तिला द्यावंस म्हणून लिहिते आहे.

यायचं की नाही हे ठरवण्याआधी एक साधी चाचणी करून बघ. घरात कुणी नसताना कर, म्हणजे हसायला कुणी नको. एक चादर घे आणि तिची दोन टोकं दोन्ही हातांत धर. डोळे मिट. दुसरी टोकं धरून कुणीतरी तुझ्याकडे चालत येतंय असं समज; कोण, ते ठरवू नकोस. आपली टोकं त्या माणसाला द्यायला पुढे हो, आणि हात जिथे आपोआप थांबतील तिथे थांबू दे. मग डोळे उघड आणि हात किती उंचावर आहेत ते पाहा.

तुझीच,
शिडी