वाळ्याची ताटी आणि खाटेखालची शेगडी

आई,

तू गेलीस त्याला कितीतरी वैशाख झाले. हे पत्र कुठे धाडायचं नाही, ते मलाही कळतं. मला यांनी अक्षरं शिकवली; तुला कुठे येत होतं वाचायला? कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि त्याला मध्येच थांबवून ‘ते राहू दे, पोर वाचली का ते सांग’ म्हणाली असतीस. म्हणून आधीच सांगते, वाचली. माझी नणंद वाचली, तिची लेकही वाचली, आणि त्यात तुझा वाटा मोठा आहे.

ठाण्याला साहेबांच्या बंगल्यांत उन्हाळ्यात दारांना लावून पाण्याने भिजवायच्या वाळ्याच्या ताट्या तू विणायचीस. अजून डोळ्यांपुढे आहे: अंगणात बांबूच्या कामट्यांची चौकट आडवी टाकलेली, बाजूला वाळ्याच्या मुळ्यांचा ढीग, आणि तू माझ्या मनगटावर चापट मारते आहेस. मी ताटी कशी घट्ट, देखणी विणली होती! ‘भिंत बांधलीस का गं? यातून वारा जाईल कुठून?’ म्हणत सगळी उसवायला लावलीस. मी रडले. मग समजुतीने म्हणालीस, ‘वारा म्हणजे पाहुणा. त्याला यायला वाट हवी तशी जायलाही हवी. नाहीतर पाणी ओतून ओतून मरशील, गारवा काही यायचा नाही.’ पुढे मला कल्याणला दिलीस. इथे सासूबाई चारचौघींत नाक मुरडून सांगायच्या, ‘ताटीवालीची लेक पडली आमच्या पदरात.’ मी मनात म्हणायचे, आहेच मुळी!

नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती नेमकी ऐन वैशाखात. मुलगी झाली आणि दोन-चार दिवसांत बाळंतीण तापाने फणफणली. डोळे उघडेना, बाळाला जवळ घेईना. वैद्यबुवा म्हणाले, आधी खोली गार करा, नाहीतर माझ्या औषधाचा उपयोग नाही. सासूबाईंनी ठाण्याहून ताटी आणवून दाराला लावली. गडी घागरीमागून घागर ओततोय, आणि आत पाऊल टाकावं तर भाताच्या हंडीत तोंड घातल्यासारखं! सासूबाई रडकुंडीला आल्या. ‘तुमच्या त्या ताट्याच खोट्या,’ म्हणाल्या. हे मात्र मला झोंबलं गं.

मी पदर खोचला. ताटी हुंगली, वास ताजा होता, म्हणजे मुळ्या कुजलेल्या नव्हत्या. बोटं घालून पाहिली; धूळ नाही, वीण सैल, वरपासून खालपर्यंत सारखी भिजलेली. बाहेर दुपारचा कोरडा झोत अंगण पोळून काढत होता, म्हणजे वाऱ्याचीही कुचराई नाही. मग आतल्या बाजूने तळहात धरला. झुळूकसुद्धा नाही! समोरच्या खिडकीला गोणपाट ठोकलेलं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. आणि खाली वाकून बघते तर काय, आई, खाटेखाली रसरसलेली शेगडी! सुईण म्हणाली शेक द्या, वैद्य म्हणाले गारवा द्या, आणि आमच्या घराने दोघांचाही मान राखला. एरवी मी पोट धरून हसले असते, पण नणंदेचे ओठ सुकून तडकले होते.

‘शेगडी काढते,’ मी म्हणाले.

‘काढशील! वारा बाधून माझ्या पोरीचं काही झालं तर?’

‘तर माझ्या माथी मारा. खाट कोपऱ्यात घेऊ, वारा अंगावरून जाणार नाही. पण त्याला बाहेर पडू द्या.’

‘एवढं कोणी शिकवलं तुला?’

‘ताटीवालीने.’

सासूबाई स्वतःच उठल्या आणि दोन्ही हातांनी गोणपाट ओढून काढलं. मी शेगडी बाहेर नेली, खाट कोपऱ्यात सरकवली. घटकाभरात वाळ्याच्या वासाचा असा गार वारा खोलीत शिरला की गड्यानेही घागर खाली ठेवली. दिवेलागणीला नणंदेने डोळे उघडले, पाणी मागितलं. तुझी लेक त्या दिवशी घरभर मिरवली, खोटं कशाला सांगू! हल्ली आळीत कुणाची ताटी गारवा देईना झाली की सासूबाईच मला पुढे करतात. ‘आमच्या सुनेला दाखवा,’ म्हणतात, तेही छाती काढून.

बारशाला नणंदेने हट्टाने मुलीला तुझं नाव ठेवलं. आता ती घरभर धावते, दर वैशाखात आजोळी येते. सगळे तिला नावाने हाका मारतात. मी तेवढी ‘बाय’ म्हणते, नाहीतर ‘चिमणे’. आईला कुणी नावाने हाक मारतं का? आज दुपारी ओसरीवर कुणी नव्हतं, तेव्हा मात्र एकदा हळूच मारली.

‘ओ मामी,’ करत ती धावत आली. काम काहीच नव्हतं माझं. त्या नावाला कुणीतरी ओ द्यावी, एवढंच हवं होतं.