वरची खोली

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं गुडघ्याचं दुखणं उतारावर आहे हे वाचून बरं वाटलं. इकडचं ऐक. आमच्या शिवण कारखान्यात मोठी कात्री हरवली. सगळ्याजणी मशीनवर होतो, पिशवी उपडी केली ती फक्त माझी. डबा, छत्री, तुझं पत्र, सगळं टेबलावर! कात्री निघाली मुकादमबाईच्याच खणात. माफीचं नाव नको. उलट हातवारे करत, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाली की तुमच्या देशात चालत असेल, इथं चालत नाही. इतकी वर्षं मी त्यांचीच भाषा बोलतेय! आणि देश म्हणून तिनं नाव घेतलं ते आपल्या शेजारच्या देशाचं. म्हणजे वाट्याला आलेली शिवीसुद्धा धड माझी नाही.

मन उठलंय. कायमचं परत यावं म्हणते. वरची खोली रिकामी आहे ना?

तुझी,
ठकी

१९ जून

चि. ठकीस,
अ. आ.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईला माणूस दिसत नाही, नुसती कातडी दिसते! तू ये. खोली तुझ्यासाठीच राखलीय. परवाच एक गवंडी बायको-पोरीला घेऊन भाड्यानं मागायला आला होता. बाहेरचा, तोंड उघडलं की कळतं. असल्यांचा काय भरवसा? एक शिरला की दहा शिरतात. मी हातवारे करून, सावकाश, मोठ्यानं सांगितलं की जागा नाही. तर म्हणतो, ऐकू येतं मला. तुझी वहिनी म्हणाली, चेहराच चोराचा.

वाट पाहतोय.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न.

दादा, मुकादमबाईची भाषा तू कधी शिकलास? तिनं माझी पिशवी उपडी केली. तू पोरीदेखत बापच उपडा केलास. काय चोरलं होतं रे त्यानं तुझं? इथं मी जितकी दारं ठोठावली, त्या प्रत्येक दारामागं एक दादा उभा होता. आपल्या बहिणीवर जीव टाकणारा, आणि माझ्या तोंडावर दार लावणारा.

त्या खोलीत मी येणार नाही. बाबांनी अर्धं घर माझ्या नावावर केलंय, ते वरचं समज. गवंड्याला शोध, किल्ली दे, आणि बोलताना हात खिशात ठेव. त्याच्या पोरीचे कपडे आपल्या गच्चीत वाळताहेत असं कळव, मग येईन. तुमच्या पुढच्या खोलीत पथारी टाकीन.

वहिनीला नमस्कार, अजून तरी. या वेळी तुझा लोभ मागत नाही. तो आधी वरच्या मजल्यावर पोचव.

ठकी