फ्लेक्सवरची ऑलिंपिकपटू

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. गेटवर दहाफुटी फ्लेक्स. माझा जुना फोटो, अंगात भारताची जर्सी, खाली लाल अक्षरांत: 'आमच्या क्रीडाशिक्षिका, ऑलिंपिकपटू सौ. नंदा म्हात्रे'.
डोकंच फिरलं. आपला हँडबॉलचा संघ आजवर ऑलिंपिकला गेलेला नाही, मी कुठून जाणार? आशियाई स्पर्धा खेळले. सात वर्षं संघात होते, दोन्ही गुडघे त्यात गेले. ते लिहा ना!
हेडसर: "अहो मॅडम, इंडियाची जर्सी घातलीत ना? मग झालं की. आशियाई कुणाला कळतंय?"
घरी अजित: "ऑलिंपिकवीर, चहा टाकता का?" नवरा आहे म्हणून वाचला.

१९ जून, गुरु.
परत सांगितलं. "प्रवेश संपू देत, मग उतरवू." नववीची पटसंख्या कमी, तुकडी जाईल, वगैरे. मान हलवून बाहेर आले. का हलवली?

१ जुलै, मंगळ.
बोर्ली पंचतनहून एक गृहस्थ आले. मनोहर. सुपारीच्या बागेत कामाला. फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर तिथवर पोचलाय. मुलगी रोशनी, नववीत. तिला इथे थळला मावशीकडे ठेवून आमच्या शाळेत घातली. "ऑलिंपिकवाल्या बाईंच्या हाताखाली राहू द्या," म्हणाले.
खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीने बॉल उचलला. डाव्या हातात. उजव्या कोपऱ्यातून उडी घेतली, आणि गोलकीपरच्या कानाजवळून बॉल आत. इतकी वर्षं शिकवतेय, अशी डावरी मिळाली नव्हती.
तोंड मिटलं. हावरट कुठली.

१२ जुलै, शनि.
गुणगौरव समारंभ. सरपंचांनी शाल घातली, माइकवरून 'ऑलिंपिकपटू'. टाळ्या. हेडसरांवर काय दात खायचे? शाल घ्यायला मी स्वतः वाकले.
रोशनी सगळ्यात पुढे बसून टाळ्या वाजवत होती. घरी येऊन शाल कपाटात कोंबली. जेवले नाही.

१५ जुलै, मंगळ.
मैदानात घोटाभर चिखल. सराव प्रार्थनेच्या हॉलमध्ये. रोशनी सहा मीटरच्या रेषेवरून अजून लवकर उडते. ओरडले तिच्यावर, गरजेपेक्षा जास्त. तिचा काय दोष.

२६ जुलै, शनि.
मनोहरदादा मुलीला भेटायला आले, माझ्यासाठी नारळ घेऊन. आता नाही तर कधीच नाही. हॉलच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. मी ऑलिंपिक खेळलेली नाही. फ्लेक्स खोटा आहे. आणि मी दीड महिना गप्प बसले.
वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.
त्यांनी नारळ पायरीवर ठेवला. मग: "मॅडम, आता ह्ये कुनाला बोलू नका. घर थोरल्या भावाच्या शब्दावर चालतंय. तो पोरीला बाहेर धाडायला तयार न्हवता. ऑलिंपिकचं नाव ऐकलं तवा गप झाला. त्याला कललं तर उद्याच घरी बोलवंल."
"तुमची इच्छा काय?"
"माजी इच्छा? ती खेलतेय ना."
मागे वळले तर दारात रोशनी. सगळं ऐकलेलं.
मला इतका राग कधी आला नसेल. कुणावर, तेच कळेना. सात वर्षं देशासाठी खेळले, आणि एका पोरीची शाळा टिकायला ते पुरत नाही. न खेळलेलं पुरतं.

३० जुलै, बुध.
हेडसरांना म्हटलं, प्रवेश संपले, फ्लेक्स उतरवा. "पंधरा ऑगस्टपर्यंत राहू दे." त्यांच्या टेबलावर हात आपटला. पेनस्टँड पडला. त्यांनी तो उचलून सरळ ठेवला, आणि मला पाणी दिलं!

१३ ऑगस्ट, बुध.
झेंडावंदनाला भाषण माझं. विषय हेडसरांनीच ठरवला: 'माझा ऑलिंपिकचा प्रवास'. सरावाच्या वेळी मनोहरदादांचा फोन. थोरला भाऊ येतोय, खास मला ऐकायला. "त्यानं फेटा पन घेतलाय, तुमाला बांधायला."

१४ ऑगस्ट, गुरु.
दुपारपासून तीन कागद फाडले. पहिल्यात खरं. दुसऱ्यात गोलगोल, देशासाठी खेळले, घाम गाळला, असलं. तिसऱ्यात नुसतं 'सन्माननीय व्यासपीठ' आणि पुढे कोरं. खोटं बोलले तर रोशनीला सराव करताना चुकू नको म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? खरं बोलले तर सराव करायला ही असेल का?
पाचला सगळ्या पोरी गेल्या. रोशनी थांबली. बूट हातात.
"मॅडम, उद्या काय बोलनार ते आज सांगाल काय?"
"कशाला?"
"बॅग भरायची का, ते कलंल."
चिडले. जोरात चिडले. म्हटलं, भोचकपणा नको, भिंतीवर शंभर बॉल मार. डाव्या हाताने. एकही खाली पडता कामा नये.
मारतेय. मी इथे स्टाफरूममध्ये कागद घेऊन बसलेय, भिंतीपलीकडून ऐकू येतंय. बासष्ट झाले. त्रेसष्ट.