निरोप, जसाच्या तसा

माधवनगर, उज्जैन
३ ऑगस्ट १९९५

प्रिय मधू,

पोलंडमधल्या आपल्या वकिलातीत नेमणूक झाल्याचं तुझं पत्र आलं आणि मी आधी देवापुढे साखर ठेवली. मग शेजारच्या सुलूवहिनींना गेटवरूनच ओरडून सांगितलं, आमची मधुरा पुढेमागे राजदूत होणार! त्यांना राजदूत म्हणजे त्या नावाची फटफटीच वाटली बघ. संध्याकाळी बाबांना विचारतात, बधाई हो भावजी, गाडी कधी येते आहे?

मला हसू आवरेना. बाबा काही हसले नाहीत. बँकेतली पक्की नौकरी सोडून तू दिल्लीला गेलीस, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. तुझं पत्र आलं की पेपर तोंडापुढे.

आता एक कबूल करते, रागावू नकोस. 'बाबा आठवण काढतात, जपून राहा म्हणतात,' असं दर पत्रात लिहायचे ना, ते सगळं माझ्या पदरचं होतं गं. आणि तिकडूनही तेच. तू लिहिलंस, बाबांचा हट्ट त्यांना लखलाभ; मी सांगितलं, ती तुमच्या गुडघ्याचं विचारते आहे. काय करणार? तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी! बोलणं तुटू द्यायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

तर त्या बधाईवर बाबा गेटपाशीच थांबले. म्हणाले, वहिनी, राजदूत म्हणजे फटफटी नव्हे. दोन देश एकमेकांवर कितीही रुसोत, मधे राहून जो बोलत राहतो, दोघांची इज्जत सांभाळतो, तो राजदूत. आमच्या मधुराला जमेल ते. अगं, 'आमच्या मधुराला'! मी आत पोह्यांना फोडणी देत होते, सगळी मोहरी जळाली. रडले मी, खोटं कशाला सांगू.

आज दुपारी ते टावर चौकात जाऊन आले आणि मला म्हणाले, पत्र लिही. त्यांचा निरोप जसाच्या तसा देते, यात माझा एक शब्द नाही: दहा तारखेच्या मालवा एक्सप्रेसने निघतो. तिला म्हणावं, स्टेशनवर घ्यायला ये, मला दिल्ली कळत नाही. तिकडे थंडी फार, म्हणून स्वेटर घेतला आहे. भर पावसाळ्यात दुकानदार हसत होता. माप चुकलं असेल तर ओरडू नको म्हणावं.

उत्तर मला पाठवू नकोस. त्यांनाच सांग, समोरासमोर.

तुझीच,
आजपासून रिटायर झालेली
आई